तक्त्यात न मावणारा गोचीड

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात एक गोचीड आहे. कातडीच्या पातळ पडद्याआड दूध असताना तो ते सोडून रक्त पितो. मराठीत गोचीड येतो तो बहुतेक असाच, उपमा म्हणून. कोणी पिच्छा सोडत नसेल तर गोचीड, कोणी दुसऱ्याच्या जिवावर जगत असेल तर गोचीड. गोचिडाबद्दल गोचीड म्हणूनच लिहिलेलं काही वाचायचं तर पशुसंवर्धनाची माहितीपत्रकं सोडून फारसं हाती लागत नाही.

गेलं वर्षभर मी असं लेखन वाचतोय. विषय आहे मासाई लोकांचं गुरांवरच्या गोचिडांबद्दलचं आणि झाडपाल्याच्या औषधांबद्दलचं ज्ञान. मासाई म्हणजे केनियाच्या दक्षिणेतले आणि टांझानियाच्या उत्तरेतले पशुपालक. त्यांच्या भाषेचं नाव मा.

या वाचनाची सुरुवात काही साहित्यप्रेमातून झाली नाही. माझा एक मित्र गुरांचा डॉक्टर आहे. गुरांच्या घरगुती औषधांचं मराठी अ‍ॅप करायचं, माहिती त्याने गोळा करायची आणि डेटाबेस मी बांधायचा, असं ठरलं होतं. जगात इतरांनी हे कसं केलंय ते बघायला गेलो आणि मासाईंवरच्या शोधनिबंधांत अडकलो. अ‍ॅप अजून झालेलं नाही. त्याचं कारण या निबंधांच्या मजकुरापेक्षा त्यांच्या घाटात आहे, म्हणून ही समीक्षा.

शोधनिबंधाची कसली समीक्षा, असं कोणी म्हणेल. पण कवितेला जसा घाट असतो तसा शोधनिबंधालाही असतो, आणि घाट ठरला की काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही हेही ठरतं. या प्रकारच्या निबंधांचा घाट इतका पक्का आहे की चार वाचले की पाचवा न वाचता सांगता येतो. आधी प्रस्तावना: पारंपरिक ज्ञान नष्ट होत चाललं आहे, ते नोंदवून ठेवलं पाहिजे. मग किती लोकांना प्रश्न विचारले ते. मग निबंधाचा आत्मा, म्हणजे तक्ता. झाडाचं शास्त्रीय नाव, मा भाषेतलं नाव, वापरायचा भाग, कोणत्या रोगावर, कसं द्यायचं. शेवटी, आणखी संशोधनाची गरज आहे.

मला हा तक्ता पहिल्यांदा फार आवडला. रोज हेच तर करतो मी! जगातली एखादी गबाळी गोष्ट घ्यायची आणि तिला कॉलममध्ये बसवायची. आणि तक्त्यात खरोखर मौल्यवान गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, टांझानियातल्या सिमांजिरो भागातले मासाई 'ओल्तेमवाई' नावाच्या झाडाचा चीक गोचिडांवर वापरतात. झाडाचं शास्त्रीय नाव कॉमिफोरा स्विनर्टोनी. टांझानियातल्या संशोधकांनी हा चीक गोचिडांच्या वेगवेगळ्या अवस्थांवर तपासला आणि तो परिणामकारक दिसला. कॉमिफोरा हे नाव परकं वाटेल, पण त्या कुळाची आपल्या घराशी जुनी ओळख आहे. धुपातला गुग्गुळ त्याच कुळातला, आणि बाळंतिणीला देतात तो हिराबोळही. दुसरं उदाहरण 'ओल्किलोरिती'. याची साल मासाई मांसाच्या रश्शात उकळतात, ती पचनाला चांगली मानतात. शास्त्रीय नाव शोधलं तर निघाली आपली बाभूळ! ज्या झाडाचा आपण दातणाला आणि कुंपणाला उपयोग करतो तेच झाड.

अशा ओळी वाचताना हातात काहीतरी लागल्यासारखं वाटतं, आणि तक्त्याचं यश त्यातच आहे. तो ज्ञान उचलून नेण्याजोगं करतो. सिमांजिरोतली ओळ मी पुण्यात बसून कॉपी करू शकतो.

मग 'ओल्मुकुतान' आलं. शास्त्रीय नाव अल्बिझिया अँथेलमिंटिका; नावातच जंतनाशक असल्याचं लिहिलेलं आहे. साल उकळून जंतांवर देतात, आणि पूर्व आफ्रिकेत मासाईंपलीकडेही ते प्रसिद्ध आहे. याच्यावर मेंढ्यांमध्ये प्रयोग झाले. केनियातल्या एका गटाला परिणाम जवळजवळ दिसला नाही. युगांडातल्या दुसऱ्या गटाला चांगला दिसला. तक्त्यात मात्र एकच ओळ: साल, जंत, उकळून पाजणे. झाड कुठलं, साल कोणत्या ऋतूत काढली, किती उकळली, जनावर किती अशक्त होतं, त्या आधी काय करून पाहिलं होतं, देणारा कोण होता? यातलं काहीच ओळीत नाही. प्रयोग करणाऱ्यांनी ओळ तपासली. ओळ म्हणजे ज्ञान असं धरलं तर ज्ञान अर्धं खरं आणि अर्धं खोटं ठरतं. माझं मत असं की ओळ अपुरी होती. पण हेही कबूल करायला हवं की 'ओळ अपुरी होती' ही सबब कुठल्याही फसलेल्या औषधाला लावता येते. म्हणून तेवढ्यावर मी भांडत नाही.

माझं भांडण गोचिडावरून आहे.

तपकिरी कानगोचीड हा पूर्व आफ्रिकेतला सगळ्यात महागात पडणारा गोचीड. शास्त्रीय नाव ऱ्हायपिसेफॅलस अपेंडिक्युलेटस. तो गाईच्या कानात चिकटतो आणि थायलेरिया पार्व्हा नावाचा एकपेशीय परजीवी तिच्या रक्तात सोडतो. त्यातून होणाऱ्या रोगाला इंग्रजांनी ईस्ट कोस्ट फीवर म्हटलं. कानाखालच्या गाठी सुजतात, ताप चढतो, शेवटी फुप्फुसात पाणी भरून जनावर मरतं. वासरं सगळ्यात जास्त मरतात. आपल्याकडे संकरित गाईंना होणारा गोचीडताप याच थायलेरियाच्या भावंडामुळे होतो. मासाई या रोगाला 'ओल्तिकाना' म्हणतात, आणि आज माणसाच्या मलेरियालाही तोच शब्द वापरतात.

इथे एक सापळा आहे. थायलेरिया आणि मलेरियाचा प्लाझमोडियम हे परजीवी खरोखरच एकमेकांचे नातेवाईक आहेत. 'विज्ञानाला आज कळलं ते मासाईंना शेकडो वर्षांपूर्वी माहीत होतं' असा फॉरवर्ड यावरून पाच मिनिटांत तयार होईल. आपल्याला त्याची सवय आहे, पुष्पक विमानापासून. पण दोन्ही आजारांत ताप आहे, आणि ताप पाहून शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला असणं अगदी साधं आहे. मासाईंना मोठं करायला त्यांच्या हातात सूक्ष्मदर्शक द्यायची गरज नाही. त्यांना जे दिसत होतं ते पुरेसं मोठं होतं.

ते काय होतं हे समजायला गोचिडाचं आयुष्य बघावं लागतं. हा गोचीड तीन वेळा रक्त पितो: अळी असताना, अर्भक असताना आणि प्रौढ झाल्यावर. प्रत्येक वेळी काही दिवस जनावरावर राहतो, पोट भरलं की खाली पडतो, जमिनीवर कात टाकतो आणि गवताच्या पात्यावर चढून पुढच्या जनावराची वाट बघतो. ही वाट महिनोन् महिने चालते. म्हणजे गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ जनावरावर नसतोच. गवतात असतो.

आता तक्त्याकडे परत या. त्यातला प्रत्येक कॉलम जनावराच्या अंगावर काय लावायचं किंवा पोटात काय द्यायचं हे विचारतो. गवताचा कॉलम नाही. गोचिडाच्या आयुष्यातले मोजके दिवस तक्त्यात आहेत आणि बाकीचे महिने तक्त्याबाहेर. मासाईंचं गोचिडाबद्दलचं सगळ्यात कसदार ज्ञान नेमकं त्या बाहेरच्या महिन्यांबद्दल आहे. हातानं गोचीड काढणं आलंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या कुरणात कधी जायचं नाही, वाढलेलं गवत कधी जाळायचं, घराजवळचा कोणता तुकडा फक्त वासरांसाठी राखायचा. अशा राखीव तुकड्याला 'ओलोकेरी' असं नाव आहे. हे नाव एकाही वनस्पती-तक्त्यात मला दिसलं नाही. कसं दिसेल? ओलोकेरी उकळून पाजता येत नाही.

या ज्ञानाचं सगळ्यात चांगलं वर्णन मला एका जुन्या पुस्तकात सापडलं. कॅथरीन होमवुड आणि डब्ल्यू. ए. रॉजर्स यांचं 'मासाईलँड इकॉलॉजी', १९९१. (रॉजर्स हे नाव भारतात वन्यजीवांवर काम करणाऱ्यांना माहीत असतं. देशातल्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्याचा १९८८चा आराखडा त्यांनी आणि एच. एस. पनवार यांनी डेहराडूनच्या संस्थेत बसून केला होता.) पुस्तक टांझानियातल्या गोरोंगोरोबद्दल आहे. वाचायला सोपं नाही, आकडे पुष्कळ. पण त्यात रोग एकेकटे येत नाहीत, एकमेकांना बांधलेले येतात.

गोष्ट अशी. पावसाळ्यात सेरेंगेटीच्या सखल मैदानावर आखूड, खनिजांनी भरलेलं गवत येतं. आखूड गवतात गोचीड कमी. गुरांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. पण त्याच दिवसांत त्याच मैदानावर वाइल्डबीस्ट वितात. त्यांच्या पिल्लांकडून गुरांना एक विषाणूजन्य रोग होतो आणि तो झालेलं जनावर सहसा वाचत नाही. मासाईंना हे पक्कं माहीत होतं. रोगाच्या त्यांच्या नावातच वाइल्डबीस्ट आहे. म्हणून ते विण्याच्या दिवसांत मैदान सोडून डोंगरात राहत. डोंगरात उंच गवत, आणि उंच गवतात कानगोचीड. म्हणजे निवड अशी: खाली वाइल्डबीस्टचा रोग, वर ओल्तिकाना. किती दिवस वर थांबायचं, कधी खाली उतरायचं, कोणती वासरं न्यायची, कोणती ठेवायची, हा हिशोब दर वर्षी पावसाप्रमाणे नव्याने करायचा.

त्यातही पुढचा पेच आहे. १९६०च्या दशकात गुरांना लसी दिल्यामुळे बुळकांडी मागे हटली. बुळकांडीने वाइल्डबीस्टही मरत, ते मरायचे थांबले. त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेली. मैदान जास्त काळ बंद, गुरं जास्त काळ डोंगरात, गोचीड जास्त. एका रोगावरच्या लसीने दुसऱ्या रोगाची वाट रुंद केली! सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला डिपेंडन्सी म्हणतो. एक पॅकेज अपडेट केलं की भलतंच मोडतं. तक्त्यात हे दिसू शकत नाही, कारण तक्त्याच्या दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत.

आणि हो, मासाईंचा नियम बरोबर होता, पण स्पष्टीकरण पूर्ण बरोबर नव्हतं. रोग वाइल्डबीस्टच्या वारेतून पसरतो असं ते सांगत. विषाणू प्रामुख्याने लहान पिल्लांच्या नाकाडोळ्यांतल्या स्रावातून पसरतो, हे नंतर प्रयोगांतून दिसलं. विण्याची जागा टाळा, हा सल्ला दोन्ही स्पष्टीकरणांतून सारखाच निघतो. समीक्षक म्हणून मला हे फार आवडतं. ज्ञान बरोबर की चूक असा प्रश्न विचारला तर उत्तर 'दोन्ही' येतं.

आता याच जागेबद्दलचं याहून कितीतरी जास्त खपलेलं लेखन बघा. बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्याचा मुलगा मिखाएल यांनी १९५९ साली 'सेरेंगेटी शाल नॉट डाय' पुस्तक आणि माहितीपट केला. माहितीपटाला ऑस्कर मिळालं. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून बापलेकांनी मैदानावरची जनावरं मोजली. त्याच कामात विमान कोसळून मिखाएल गेला, त्यामुळे या कृतीला एक खरी शोकांतिका चिकटलेली आहे. तिच्यातलं प्राण्यांवरचं प्रेमही खोटं नाही. पण ग्रझिमेकची भूमिका स्वच्छ होती: राष्ट्रीय उद्यानात माणूस राहता कामा नये, तिथला मूळ रहिवासीसुद्धा. त्याच वर्षी मासाईंना सेरेंगेटीतून हलवून गोरोंगोरोच्या बाजूला पाठवलं गेलं.

विमानातून कळप दिसतात. गोचीड दिसत नाही, जाळलेल्या गवताचं कारण दिसत नाही, मोकळं मैदान कोणीतरी मुद्दाम मोकळं सोडलंय हेही दिसत नाही. विमानाची नजर आणि तक्ता या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी वाटतात. एक मासाईंना चित्राबाहेर काढते, दुसरा त्यांच्या ज्ञानाचा गौरव करतो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. जमिनीवर वर्षभर हलत राहणारा माणूस दोन्हींत नाही.

याचा परिणाम कागदावर राहिला नाही. १९७४ मध्ये गोरोंगोरोच्या विवरात राहणाऱ्या मासाईंना बाहेर काढलं गेलं. त्यांच्याबरोबर गवत जाळणंही थांबलं. विवरातलं गवत वाढत गेलं. २००१च्या सुरुवातीला, आधीच्या वर्षीच्या कडक दुष्काळानंतर, विवरात रानम्हशी, वाइल्डबीस्ट, झेब्रे मोठ्या संख्येने मेले. दुर्मीळ काळे गेंडेही मेले, आणि त्यांच्या मृत्यूमागे गोचिडातून येणारे परजीवी निघाले. मग व्यवस्थापनाने गोचीड कमी करण्यासाठी काय केलं? विवरातलं गवत टप्प्याटप्प्याने जाळायला सुरुवात केली. जाळलेल्या भागांत गोचीड कमी झाले.

सत्तावीस वर्षांनी आग परत आली, आग लावणारे नाही.

हा प्रसंग माझ्यासाठी या सगळ्या वाचनाचं केंद्र आहे. ज्ञान माणसांपासून सुटं करता येतं या समजुतीचा हिशोब इथे मांडलेला दिसतो. रिचर्ड वॉलर आणि होमवुड यांचा १९९७चा 'एल्डर्स अँड एक्स्पर्ट्स' हा निबंध हाच मुद्दा वसाहतकाळात नेतो. गोऱ्या पशुवैद्यांना रोग हद्दीबाहेर ठेवायचा होता: क्वारंटाइन, औषधी हौद, कुंपण. मासाई वृद्धांना रोगासोबत कळप जगवायचा होता. दोघं एकाच गाईकडे बघत होते, पण प्रश्न वेगळे होते. तज्ज्ञ आणि वडीलधारे यांत कोण खरं, असा सामना हा निबंध लावत नाही, ही त्याची ताकद. त्याची उणीव अशी की त्यातले वडीलधारे बहुतेक एकाच आवाजात बोलतात. मासाईंमध्ये दूध काढतात बायका. रोज सकाळ-संध्याकाळ गाईच्या अंगाला हात लावणारी ती. तिला काय दिसतं? मी वाचलेल्या तक्त्यांतही नाही आणि या चांगल्या लेखनातही फारसं नाही.

मासाईंना परंपरेत गोठवून ठेवणंही तितकंच चुकीचं. केनियातल्या मुगुगा इथे १९७०च्या दशकात ओल्तिकानावर एक पद्धत तयार झाली: वासराला जिवंत परजीवी टोचायचे आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक द्यायचं. रोग सौम्य होऊन जातो, प्रतिकारशक्ती राहते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागणारी ही किचकट लस उत्तर टांझानियातल्या मासाईंनी उचलून धरली, स्वतःचे पैसे देऊन. लस दिलेल्या वासराच्या कानात बिल्ला असतो आणि बाजारात त्या बिल्ल्याला भाव मिळतो. लहानपणी झेपेल एवढा रोग होऊन गेला की जनावर टिकतं, हे कळपात राहणाऱ्याला नवं नाही. लस त्यांच्या हिशोबात बसली, म्हणून त्यांनी घेतली.

जून २०२२ मध्ये लोलिओंडोत सुमारे १५०० चौरस किलोमीटर जमिनीवर राखीव क्षेत्राच्या खुणा रोवल्या गेल्या, मासाईंवर बळाचा वापर झाला. त्याच वर्षी गोरोंगोरोतल्या कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या म्सोमेरा इथे हलवायला सुरुवात झाली. औषधी झाडांचे तक्ते तिथेही नेता येतील, एका फोनमध्ये मावतील. पण वर कधी थांबायचं आणि खाली कधी उतरायचं हा हिशोब नेता येणार नाही, कारण तो हिशोब त्या डोंगराचा आणि त्या मैदानाचा आहे. 'पारंपरिक ज्ञान नष्ट होत चाललं आहे' हे वाक्य प्रत्येक निबंधाच्या प्रस्तावनेत असतं, कर्मणी प्रयोगात, कर्त्याशिवाय. कोण नष्ट करतंय तो कॉलमही राहून गेलेला आहे.

आमच्या अ‍ॅपचं म्हणाल तर मी आराखड्यात नवे कॉलम घातले: कुठे, कधी, त्याऐवजी काय, कोणी सांगितलं. मित्र एका धनगर आजोबांना भेटून आला. गोचीड होऊ नयेत म्हणून मेंढरं कुठं नेत नाही, असं त्याने विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "ते पाऊस कुठं पडला त्यावर हाय, लेका. आन् कुणी रान बसवायला बोलावलं त्यावर."

मित्राने ते जसंच्या तसं पाठवलं. मी ते कोणत्या कॉलममध्ये टाकू हे अजून ठरवू शकलेलो नाही. सध्या ते 'शेरा' या कॉलममध्ये आहे, आणि 'शेरा' हा कॉलम आमच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनवर दिसत नाही.